घरातला चहा आणि कान तुटलेला कप



मागच्या महिन्यात मोशीत आमच्या घरी कार्यकर्त्यांची बैठक झाली. दहा-बारा जण होते. विषय होता महाड. १९ आणि २० मार्च १९२७ ला झालेल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शताब्दी आपल्या भागात कशी साजरी करायची, यावर बोलणं चाललं होतं. कोणी म्हणालं रॅली काढू, कोणी म्हणालं व्याख्यानमाला घेऊ. मी म्हणालो, त्याआधी एक काम करू. प्रत्येकाने घरी जाऊन आपलं चहाच्या कपांचं कपाट तपासायचं. कोणता कप कोणासाठी ठेवलाय, ते बघायचं.

सगळे हसले. चाकणच्या कंपनीत काम करणारा आमचा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "दादा, चहा ही काय चळवळीची गोष्ट आहे का? घरात कोणी कसला चहा प्यायचा, कोणत्या कपात प्यायचा, हा पर्सनल प्रश्न आहे. ज्याची त्याची आवड." दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

हा लेख त्या पोराला आणि त्या डोलणाऱ्या मानांना उत्तर आहे. मुलगा गुणी आहे, वाचणारा आहे, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी माझ्याच घराची 'आवड' सांगतो. माझी आई आजही कोरा चहा पिते. गुळाचा, दूध न घातलेला. आता हायवेला ठिकठिकाणी 'गुळाचा चहा' असे बोर्ड लागलेत आणि लोक तो आवडीने, जास्त पैसे देऊन पितात. आईला त्याचं हसू येतं. ती बीड जिल्ह्यातून भोसरीत आली तेव्हा वडील एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर होते. घरात पाव लिटर दूध यायचं आणि ते आम्हा लेकरांसाठी असायचं. वडिलांची पहिली पाळी असली की पहाटे पाचला चहा व्हायचा. तीच भुकटी पातेल्यात ठेवून आई नंतर त्यावर पुन्हा पाणी उकळायची आणि तो दुसरा चहा स्वतः प्यायची. पंधरा-वीस वर्षं असा चहा प्यायल्यावर जिभेला दुधाचा चहा जड वाटायला लागला. आज घरात दोन लिटर दूध येतं. आई तरी म्हणते, "मला कोराच आवडतो."

ही आवड आईची आहे, खरं आहे. पण ती कोणी घडवली? रोजंदारीने घडवली. घरात सगळ्यात शेवटी खाणारी-पिणारी बाईच असते, या रिवाजाने घडवली. समाजशास्त्रात एमए करताना 'आवड ही सामाजिक असते' हे वाक्य मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. त्याचा अर्थ मला आईच्या काचेच्या ग्लासातल्या काळ्या चहाने कळवला.

आता कपाची गोष्ट.

मी शाळेत असताना आई प्राधिकरणात एका बंगल्यावर धुणीभांडी करायची. अकरा वर्षं एकाच घरी. ती माणसं वाईट नव्हती. दिवाळीला साडी द्यायची, माझ्या वह्यांना पैसे द्यायची. रोज साडेदहाला आईला चहाही द्यायची. तो चहा एका कान तुटलेल्या कपातून यायचा आणि तो कप मागच्या गॅलरीत, फिनेलच्या बाटलीशेजारी, खिडकीच्या गजाला टेकवून ठेवलेला असायचा. आईने तो स्वतःच्या हाताने विसळायचा आणि परत तिथेच ठेवायचा. गंमत बघा. त्या घरातला प्रत्येक कप, प्रत्येक ताट आईच रोज घासत होती. तिच्या हाताने घासलेल्या कपातून ते पीत होते. पण तिच्या ओठांना लागलेला कप त्यांच्या फळीवर चालत नव्हता. यात स्वच्छतेचा काय संबंध?

आणि हा प्रकार जुना झाला असं समजू नका. आमच्या मोशीच्या सोसायटीत शेजारचे एक गृहस्थ आहेत. गेल्या सात वर्षांत ते आमच्याकडे पंधरा-वीस वेळा आले असतील. सोसायटीचं पाणी, लिफ्ट, मेंटेनन्स, सगळ्यावर तासभर बसून बोलतात. चहा विचारला की हात जोडतात, "मी चहा सोडलाय, ॲसिडिटी होते." आम्ही मानलं. मग एकदा स्पाइन रोडच्या टपरीवर दिसले, एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात क्रीमरोल. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. मी काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत. ॲसिडिटी आमच्या चहाने होते, टपरीच्या चहाने होत नाही, एवढंच मला कळलं.

आता सांगा, ही 'आवड' आहे का?

चहाबद्दल मनुस्मृतीत एकही श्लोक नाही. असणारच नाही, कारण तेव्हा या पेयाचा इथे पत्ता नव्हता. चहा आपल्या घरांत आला तो इंग्रजांच्या काळात. म्हणजे खाण्यापिण्याच्या सगळ्या पदार्थांत जातीचा कोणताही जुना नियम नसलेला हा पदार्थ. तो तरी मोकळा राहायला हवा होता. पण जातीने त्यालाही लगेच पकडलं.

पुण्याचं पंचहौद प्रकरण आठवा. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनच्या लोकांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना व्याख्यानाला बोलावलं. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी त्यात होती. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी प्यायलं, कोणी नुसता मान राखायला कप हातात घेतला. गोपाळराव जोशींनी ती बातमी नावांसकट छापून आणली आणि पुण्यात वादळ उठलं. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. कपभर चहासाठी लोकांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. सुधारकांचे अग्रणी म्हणवल्या जाणाऱ्या रानड्यांनीही १८९२ मध्ये ते घेतलं. चहाच्या चवीवर त्या भांडणात कोणी एक शब्द बोललं नाही. भांडण होतं ते चहा कोणाच्या हातचा, याचं. आपल्या जिल्ह्यातला हा इतिहास आहे, मोशीपासून एका बसच्या अंतरावरचा.

त्याच्या उलट टोकाला कोल्हापूर आहे. शाहू महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक' नावाचं. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडीतून तिथे गेले, चहा मागवला, प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावलं. राजाला चहाची तहान लागली होती म्हणून तो तिथे गेला नव्हता. कपात काय आहे यापेक्षा कप कोणी दिलाय हे लोक बघतात, हे महाराजांना पक्कं माहीत होतं. म्हणून भर रस्त्यात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते तो कप घेऊन बसले.

यानंतर बाबासाहेबांच्या संविधानाने हॉटेल मोकळं केलं. कलम १५ च्या दुसऱ्या खंडाने दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी सर्वांना खुली केली. कलम १७ ने अस्पृश्यता कोणत्याही रूपात पाळायला बंदी केली. १९५५ च्या कायद्याने हॉटेलातली भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरवला. आज मोशीच्या कुठल्याही टपरीवर ग्लास वेगळा ठेवण्याची कोणाची हिंमत नाही. चाकणच्या कंपनीच्या कँटीनमध्ये साहेबाचा आणि हेल्परचा चहा एकाच मशीनमधून येतो. हे आपोआप झालेलं नाही, त्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली आहेत.

पण कायद्याचा हात उंबऱ्याशी येऊन थांबतो. २०२० साली हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी हजर नसताना झालेला जातिवाचक अपमान 'लोकांच्या नजरेसमोर' झाला असं धरता येत नाही. अपमानाचीच ही गत असेल, तर गॅलरीतल्या कपाला कोण विचारतो? टपरीवरून, कँटीनमधून, एसटी स्टँडवरून हाकलली गेलेली अस्पृश्यता शेवटी घरात जाऊन बसली आणि तिने दाराला पाटी लावली, 'ज्याची त्याची आवड'. म्हणून मी म्हणतो, आजचं चवदार तळं हे घरातलं स्वयंपाकघर आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही खूश असाल. शेजाऱ्याला बरा झोडला, सवर्णांची लबाडी उघडी केली. थांबा. आता मुख्य गोष्ट येते.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास शोधत होतो. सिंकखालच्या कप्प्यात, घासणीच्या डब्याशेजारी मला एक कप दिसला. कान तुटलेला. मी आईला विचारलं, हा इथे का? आई सहज म्हणाली, "तो जिना झाडणाऱ्या बाईचा हाय."

मित्रांनो, मी उभा होतो तिथेच खाली बसलो.

आमच्या सोसायटीचा जिना झाडायला एक मावशी येतात. लातूरकडच्या, मातंग समाजातल्या. तीन वर्षं झाली, आई त्यांना रोज चहा देते. न चुकता देते, कधी चपातीही देते. मायाही करते. आणि तीन वर्षं त्या कपात देते. मी तीन वर्षं त्याच घरात राहून हे बघितलं नव्हतं. भिंतीवर बाबासाहेब, तथागत, सावित्रीमाई, अण्णाभाऊ, सगळ्यांचे फोटो. मी बाहेर समतेवर भाषणं ठोकतोय. आणि सिंकखाली तो कप.

मी आईवर चिडलो. म्हणालो, "तू स्वतः अकरा वर्षं त्या बंगल्यात काय सोसलंस, विसरलीस?" आई कितीतरी वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "इसरले न्हाई रे. मनात काय बी नव्हतं. हाताला सवय लागली बघ."

हाताला सवय लागली. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला क्रमिक असमानता म्हटलं, त्याचा अर्थ या चार शब्दांत आहे. वरून आलेला तिरस्कार खालच्या पायरीवर उतरवायचा. प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी दिलेलं असतं, म्हणून जात टिकते. माझ्या आईला बंगल्यातून पगार मिळाला, साडी मिळाली आणि नकळत तो कपही मिळाला. तो तिने घरी आणून जपून ठेवला.

हे एकट्या आमच्या घरचं आहे असं म्हणून सुटू नका. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशभरातल्या ४२ हजारांहून अधिक कुटुंबांना विचारलं गेलं की तुमच्या घरात अस्पृश्यता पाळतात का. नाही म्हणणाऱ्यांना पुढे विचारलं, अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली, तुमची भांडी वापरली तर चालेल का? देशातल्या सुमारे २७ टक्के कुटुंबांनी अस्पृश्यता पाळत असल्याचं कबूल केलं. अनुसूचित जातींच्या कुटुंबांतही हे प्रमाण सुमारे १५ टक्के होतं. महाराष्ट्राचा आकडा होता फक्त ४ टक्के. या ४ टक्क्यांवर आपण पुरोगामी म्हणून छाती फुगवतो. पण मला सांगा, सर्वेक्षण करणारी पोरगी आमच्या दारात आली असती तर आईने काय सांगितलं असतं? "आम्ही बौद्ध हाओत, आमच्यात असलं काय नसतं." आणि मनापासून सांगितलं असतं. माझे शेजारी तरी दुसरं काय सांगणार होते?

आता आक्षेप येतील. ते आलेच होते, बैठकीत.

एक म्हणाला, हा हायजीनचा प्रश्न आहे, मावशी कचऱ्यात हात घालतात. अख्ख्या पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीच्या डेपोवर येतो. तो उचलणारे, वेचणारे, वाहणारे हात कोणत्या समाजांचे आहेत हे तुला माहीत आहे. हात घाण असतील तर साबण दे, बेसिन दाखव. ओठ घाण असतात का? आणि कप तर आपण धुतोच. ज्या घाणीवर साबण चालत नाही, तिला जात म्हणतात.

दुसरा म्हणाला, आमच्याकडे वेगळा कप नाहीच, आम्ही कामाच्या लोकांना कागदी कपात देतो. सगळ्यांना देतोस का? साडू आला तर कागदी कप काढतोस का? नाही ना? मग तो कागदी कप म्हणजे कान तुटलेला कपच आहे, फक्त पुरावा राहू नये म्हणून रोज फेकून दिला जाणारा.

तिसरा म्हणाला, असलं उघड लिहिलं की विरोधक म्हणतील बघा, हेही तसलेच. म्हणू देत. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाचा उपवर्गीकरणाचा निकाल आल्यापासून आपण मातंग बांधवांना एकच सांगतोय, फूट पाडू नका, आपण सगळे एक आहोत. त्या प्रश्नावर तुमचं मत काहीही असो. पण 'आपण एक आहोत' हे माइकवरून सांगून पटत नसतं. ज्या बाईला आपल्या घरात तीन वर्षं वेगळ्या कपात चहा मिळाला, तिने ते कशावरून खरं मानायचं? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसं समान मानण्याची आणि समता स्थापन करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. त्यात 'स्वयंपाकघर वगळून' असं कुठे लिहिलंय?

दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगतो. चहा मी केला. घरात एकसारखे सहा कप आहेत, पाहुण्यांसाठी जपलेले, निळ्या फुलांचे. तेच काढले. मावशींना आत बोलावलं. त्या दारातच अवघडल्या. "इथंच बरी हाय मी." तेव्हा आई उठली, त्यांचा हात धरून म्हणाली, "वर बसा की बाई, खुर्ची हाय." मावशी खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. मी विचारलं, "मावशी, साखर किती घालू?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कमी घाला. मला गोड जात न्हाई."

तीन वर्षं त्या गोड चहा पीत होत्या. कोणी विचारलंच नव्हतं.

तर माझ्या तरुण मित्रा, तू म्हणालास 'ज्याची त्याची आवड'. आवड असायला आधी कोणीतरी विचारावं लागतं. तुला घरी विचारतात, आलं घालू का, साखर कमी करू का. मावशींना कोणी विचारलं नाही, माझ्या आईला त्या बंगल्यात अकरा वर्षं कोणी विचारलं नाही. जो देतो त्यालाच आवड असते आणि जो घेतो त्याने मिळेल ते प्यायचं, ही व्यवस्था आहे. तिला आवड म्हणू नकोस.

लेख इथे संपला असता. पण कच्चा मसुदा मी माझ्या जोडीदाराला वाचायला दिला. तिने वाचला आणि म्हणाली, "कपाचं बरोबर लिहिलंयस. त्या दिवशी महाडच्या बैठकीत चार वेळा चहा झाला. तो कोणी केला, ते लिहिलं नाहीस." मी गप्प. ती पुढे म्हणाली, "शताब्दीची सगळी टिपणं मी काढली होती. वाचून दाखवायच्या वेळी मी गॅसपाशी होते." महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांसमोर वेगळं भाषण केलं होतं, हे आम्ही त्या बैठकीत एकमेकांना अभिमानाने सांगत होतो. आणि आमच्यातली एक बाई आत दूध उतू जाऊ नये म्हणून उभी होती. ज्या हातांनी फक्त चहा द्यायचा असं आपण ठरवून टाकलंय, तेही हात याच हिशोबात धरायला हवेत. तिला कोणी विचारलं होतं?

म्हणून शताब्दीच्या कार्यक्रमपत्रिकेत माझी एवढी भर घाला. घरातला, विहारातला, कार्यालयातला प्रत्येक वेगळा कप शोधून काढा. जिना झाडणारे, घंटागाडीवाले, गटार साफ करणारे कोणत्याही जातीचे असोत, त्यांना आपल्याच कपात, आपल्याशेजारी बसवून चहा द्या, आणि साखर किती ते विचारा. त्यांनी बोलावलं तर त्यांच्या घरी जाऊन चहा घ्या, तिथे ॲसिडिटीचं कारण सांगू नका. बैठकीचा चहा पुरुषांनी करायचा, पाळी लावून. येत नसेल तर शिका, रॉकेट सोडायचं नाहीये.

आणि एवढं करून आपण जात मोडली असं समजून आपली पाठ थोपटू नका. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी स्पष्ट बजावलं होतं की सहभोजनाने जात मरत नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या धर्मग्रंथांची सत्ता मोडणं. एका टेबलावर चहा पिणं ही तर पहिलीच पायरी आहे. पण ती चढताना ज्याचे पाय लटपटतात, तो मुलीच्या लग्नाच्या वेळी कोणाच्या दारात जाणार? तिथे तर 'आपल्यातलाच' हवा म्हणून आपलेच लोक पोटजातीपर्यंत चौकशी करतात. त्या विषयावर पुढच्या लेखात बोलू, तेव्हाही राग येऊ द्या.

तो कान तुटलेला कप मी फोडणार होतो. आईने फोडू दिला नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ दे, माझ्या डोळ्यापुढं." आता तो सिंकखाली नाही. वर फळीवर आहे, बाबासाहेबांच्या फोटोखाली, रिकामा. आमच्याकडे या. चहा मी करीन. आणि तो कप बघून जा.

तुमच्या घरातला कुठे आहे, शोधा.

जयभीम! नमो बुद्धाय!